मागच्या गाडीला कळलं पाहिजे

घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर पहिल्यांदा काय करतो, हे रात्रीच्या एसटीने प्रवास केलेल्या कुणालाही माहीत असतं. तो खाली उतरतो, मागच्या चाकाखाली दगड लावतो आणि कडेच्या झाडाची एक मोठी फांदी तोडून ती ओढत मागे घेऊन जातो. तीस-चाळीस पावलांवर फांदी रस्त्यात आडवी टाकतो, तिच्याजवळ चार दगड मांडतो. मागून येणाऱ्याला रस्त्याच्या मधोमध हिरवी पानं दिसली की उमगतं, पुढे गाडी उभी आहे. हा निरोप वाचायला मराठी लागत नाही, हिंदी लागत नाही, तमिळनाडूच्या ड्रायव्हरलाही तो कळतो.

मागच्या पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एका घाटात अशाच एका फांदीने मला आणि माझ्या भाच्याला वाचवलं. पहाटेचे साडेपाच वाजले होते. धुकं असं की कठड्याचे पांढरे पट्टेही जवळ आल्याशिवाय दिसत नव्हते. गाडी भाचा चालवत होता. वळण घेतलं आणि दिव्यांच्या उजेडात अचानक पानं चमकली. त्याने ब्रेक दाबला, गाडी थोडी घसरली आणि थांबली. पुढे सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला ट्रक उभा होता, मागचे दोन्ही दिवे बंद. क्लीनर पोरगा डोक्यावर प्लास्टिकचं पोतं घेऊन पावसात उभा होता आणि हाताने बाजूने जा, बाजूने जा असं सांगत होता. त्या वळणाच्या अर्धा किलोमीटर आधी आम्ही रस्त्यावरच्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक फलकाखालून आलो होतो. फलक काळा होता. घाट उतरल्यावर चहाला थांबलो तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, एवढा मोठा बोर्ड बसवलाय, आणि सांगितलं कुणी तर त्या झाडाने."

त्याचं हे वाक्य मनातून जात नाही. गाड्या एकमेकींशी आणि रस्त्याशी बोलू लागतील, त्यासाठी रस्ते डिजिटल करायला हवेत, त्यात सरकारने पैसा घालावा, अशी चर्चा आता आपल्याकडेही रंगते. पैसा घालावा का, या प्रश्नाला माझं उत्तर होय असं आहे, आणि ते मी चाचरत देत नाही. मात्र त्या पैशातल्या प्रत्येक रुपयाला एक प्रश्न विचारला गेला पाहिजे: पुढे जे घडलं ते मागच्या गाडीला कळलं का? आणि मागची गाडी म्हणजे फक्त वीस लाखांची मोटार नव्हे. तिच्यात एसटी आली, भाजीचा टेम्पो आला, दुचाकीवरचं जोडपं आलं.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र कोकणात कुणी विसरलेलं नाही. महाडजवळ सावित्री नदीवरचा मुंबई-गोवा महामार्गाचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. मुसळधार पाऊस, अंधार. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी नदीत गेल्या, काही खासगी वाहनंही गेली. जवळच्या गॅरेजमधल्या माणसाच्या लक्षात आलं की पुलाकडे गेलेल्या गाड्यांचे दिवे पलीकडे निघत नाहीत. तो रस्त्यावर आला आणि गाड्या अडवू लागला. त्याच्यामुळे किती जीव वाचले याचा हिशेब कुणी करू शकणार नाही. पण त्या आधीच्या काही मिनिटांत मागच्या एसटीच्या ड्रायव्हरला पुढच्याचं काय झालं ते कळायला काहीही मार्ग नव्हता. त्याचा काही दोष नव्हता. समोर रस्ता होता असं त्याला वाटत होतं, कारण रोज तिथे रस्ता असायचा.

नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि त्याचं कौतुक झालं, ते योग्यच. पण सावित्रीने दुसरीही गोष्ट शिकवली होती. पूल पडणं ही बांधकामाची चूक असेल, पण एकामागून एक गाड्या त्यात जाणं हा निरोप न पोचल्याचा परिणाम असतो. पहिल्या गोष्टीवर आपण खर्च केला. दुसरीवर अजूनही हात आखडता आहे.

आता हा निरोप पोचतो कसा ते पाहू, कारण बरीच गल्लत इथेच होते. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. धोका डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ब्रेक लागण्याआधीच चाळीस मीटर संपलेले असतात. पुढे ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगळंच. धुक्यात पन्नास मीटर दिसत असेल, तर कितीही सावध ड्रायव्हर असो, गणित त्याच्या विरुद्ध असतं. म्हणून वाहन-ते-वाहन संपर्काची कल्पना निघाली. प्रत्येक गाडी आपली जागा, वेग, दिशा आणि ब्रेक दाबला आहे की नाही, एवढी माहिती सेकंदाला दहा वेळा रेडिओने आसपास सोडते. काही शे मीटरच्या टप्प्यातल्या दुसऱ्या गाडीला ती वळणापलीकडूनही मिळते. त्यासाठी मोबाइलची रेंज लागत नाही. रस्त्याच्या कडेला खांबावर तसाच रेडिओ बसवला की रस्ताही या बोलण्यात भाग घेतो: सिग्नल किती सेकंदांत लाल होणार, पुढे काम चालू आहे का, पाणी आलं आहे का.

दुसरा मार्ग मोबाइल नेटवर्कचा. घटना नियंत्रण कक्षाला कळली, तिथून संदेश सुटला, तो दोन-चार किलोमीटर मागच्या सगळ्यांच्या फोनवर, फलकावर, गाडीच्या पडद्यावर पोचला. याला काही सेकंद लागतात. दोनशे मीटरवरच्या गाडीला ते सेकंद परवडणार नाहीत. दोन किलोमीटर मागच्या गाडीला मात्र ते पुरेसे आहेत, आणि साखळी अपघातांत गाड्यांवर गाड्या आदळत जातात त्या याच मागच्या. पहिल्या मार्गासाठी नवी गाडी लागते. दुसऱ्यासाठी ड्रायव्हरच्या खिशातला फोन चालतो. आपल्या देशात कुठून सुरुवात करायची, याचं उत्तर मला यातच दिसतं.

सध्या आपण कुठे खर्च करतो आहोत? राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२३ मध्ये सुमारे १०,००० किलोमीटर लांबीचं ऑप्टिकल फायबरचं जाळं महामार्गांच्या कडेने टाकण्याची योजना जाहीर केली. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग त्यातल्या पहिल्या रस्त्यांपैकी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांच्या गॅन्ट्री, म्हणजे रस्त्यावरून आडव्या जाणाऱ्या कमानी, असलेली वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू झाली. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन पूर्ण झाला. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण या यादीकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट टोचते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. समृद्धीवरही आहे. पायी चालणाऱ्याला तर दोन्हीकडे जागाच नाही.

आणि मरतं कोण? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांपैकी दुचाकीवरची सुमारे ४४ टक्के, पायी चालणारी जवळजवळ २० टक्के. एकट्या महाराष्ट्रातले मृत्यू १५ हजारांच्या वर होते. म्हणजे रस्त्यावर जीव गमावणाऱ्या दर दहांपैकी सहाजण अशा गटांतले, ज्यांना आपल्या सगळ्यात हुशार रस्त्यांवर प्रवेशच नाही. ते जुन्या महामार्गांवर असतात, राज्य रस्त्यांवर, तालुक्याच्या गावाला जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर. ज्या घरात जखमी आहे ते सोडून डॉक्टर शेजारच्या घरात जावा, तशी ही गुंतवणूक होते आहे. मी द्रुतगती मार्गावरचा खर्च बंद करा म्हणत नाही. पुढचा रुपया जुन्या रस्त्यावर पडू द्या, एवढंच म्हणतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो मनापासून घेतलेला असतो: आधी खड्डे बुजवा, मग डिजिटलचं बोला. खड्ड्याने मेलेल्या माणसाच्या घरच्यांना फायबरचं कौतुक सांगणं क्रूरपणाचंच आहे. पण खड्डा बुजवणं आणि खड्ड्याची खबर देणं या दोन गोष्टींची शिस्त एकच असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ एक मोटार रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून खाली पडली आणि तिघं गेले. नकाशाच्या ॲपने त्यांना त्या रस्त्यावर नेलं होतं. पुलाचा भाग पुरात आधीच गेला होता. तिथे नीट अडथळा उभा नव्हता, आणि नकाशावरही रस्ता बंद असल्याची नोंद नव्हती. मातीचा ढिगारा टाकायला डिजिटल तंत्र लागत नाही. पण जी यंत्रणा ढिगारा टाकत नाही ती नोंदही करत नाही. उलट, जिथे रस्ता बंद झाल्याची अधिकृत नोंद तासाभरात करण्याची सक्ती असेल आणि ती नोंद सगळ्या नकाशांना आपोआप जात असेल, तिथे ढिगारा का पडला नाही हेही लगेच विचारता येतं. डिजिटल रस्त्याचा पाया म्हणजे खांबावरचा रेडिओ नव्हे. आपला कुठला पूल, कुठलं वळण, कुठली लेन आत्ता कोणत्या अवस्थेत आहे, हे खात्याला स्वतःला ठाऊक असणं हा तो पाया.

"हे सगळं गूगल करतंच की," असंही सांगतात. गूगलचा नकाशा मीही रोज वापरतो आणि त्याने माझे कित्येक तास वाचवले आहेत. पण तो गर्दी ओळखतो ती मुख्यतः फोन सावकाश सरकू लागल्यावर. म्हणजे गाड्या अडकल्या की मग. पहिला ट्रक उलटल्यापासून मागे रांग लागेपर्यंतची जी दोन-तीन मिनिटं असतात, जीव त्यांतच जातात. शिवाय धुक्यात रांग नसते, गाड्या वेगातच असतात. आणि मुख्य म्हणजे, रस्त्यावरच्या जिवाची जबाबदारी खासगी कंपनीने कधी घेतलेली नाही, ती घेण्याचं बंधनही तिच्यावर नाही. रस्ता सरकारचा, टोल सरकारी परवानगीने घेतलेला, मग खबर देण्याचं काम दुसऱ्याच्या भल्या इच्छेवर का सोडायचं?

युरोपीय संघाने २०१३ मध्ये याबाबत एक नियम केला. मला तो फार शहाणपणाचा वाटतो. त्यात आठ प्रकारच्या घटना नेमून दिल्या: निसरडा रस्ता, रस्त्यावर माणूस, जनावर किंवा पडलेला माल, सुरक्षित न केलेली अपघाताची जागा, तात्पुरतं काम, कमी दिसणं, उलट दिशेने येणारी गाडी, अनपेक्षितपणे बंद झालेला रस्ता आणि अतिशय वाईट हवामान. यांची खबर रस्ता वापरणाऱ्याला शक्य तिथे फुकट मिळावी, असं ठरवलं. कोणता रेडिओ, कोणती कंपनी, हे नंतरचं. आधी काय सांगायचं ते पक्कं केलं. आपली यादी केली तर तीत दोन-तीन गोष्टी आपल्या स्वतःच्या येतील. ऊसतोडीच्या हंगामात मागे दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली. घाटावरून कोकणात उतरणारे मेंढरांचे कळप. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवरच्या दिंड्या. दिंडीत मागून गाडी घुसल्याची बातमी वाचावी लागली की आपण हळहळतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कोणीतरी हातात लाल झेंडा घेऊन दिंडीच्या मागे चालत असतो. त्या झेंडेवाल्याच्या खिशातल्या फोनने "इथे दिंडी आहे" एवढं सांगितलं तरी ते दोन किलोमीटर मागच्या ट्रकपर्यंत पोचवणं आज तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

माहिती तयार करणारी साधनंही आपल्याकडे बरीच आहेत. ती एकमेकांशी बोलत नाहीत, एवढीच अडचण. नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना जागा सांगणारं उपकरण आणि धोक्याचं बटण २०१९ पासून बंधनकारक झालं. २०२१ मध्ये अपघातांच्या नोंदींसाठी आयआयटी मद्रासने तयार केलेली राष्ट्रीय प्रणाली ज्या सहा राज्यांत सर्वप्रथम सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र होता. त्याच वर्षी नागपुरात महापालिकेच्या बसगाड्यांना समोरचा धोका ओळखणारी यंत्रं बसवून, बस कुठे वारंवार अपघाताच्या जवळ जाते ते शोधणारा प्रकल्प सुरू झाला. ब्लॅक स्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, माणसं मेल्यावर ठरतो. नागपूरचा प्रयत्न माणूस मरण्याआधी जागा शोधण्याचा आहे, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. शिवाय २०१९ नंतर विकल्या गेलेल्या कितीतरी मोटारींत सिम कार्ड आहे. या गाड्या कुठे करकचून थांबल्या, कुठे चाकं घसरली, कुठे वायपर पूर्ण वेगाने चालू झाले, हे त्या आपल्या कंपनीच्या सर्व्हरला कळवू शकतात. रस्त्याच्या मालकाला मात्र ते कळत नाही. गाडीच्या मालकाचं नाव आणि नंबर काढून टाकून ही धोक्याची माहिती सार्वजनिक यंत्रणेला द्यायला कंपन्यांना कायद्याने सांगावं. इथे एक रुपयाचाही खांब उभारावा लागत नाही.

खांब उभारायचेच तर कोणते, याचा धडा अमेरिकेने फार महाग विकत घेतला आहे. तिथल्या दूरसंचार आयोगाने १९९९ मध्ये रेडिओ लहरींच्या ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले ७५ मेगाहर्ट्झ वाहनांच्या संपर्कासाठी राखून ठेवले. वीस वर्षं प्रयोग झाले, शहरांनी रस्त्यावर रेडिओ बसवले. २०१६ च्या अखेरीला सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचे करण्याचा प्रस्ताव आला, पण नियम काही झाला नाही. २०२० मध्ये आयोगाने ४५ मेगाहर्ट्झ वाय-फायसाठी काढून घेतले आणि उरलेल्या ३० मध्ये जुनं तंत्र सोडून मोबाइल कुळातलं नवं तंत्र वापरायचं ठरवलं. जुन्या रेडिओंवर घातलेला पैसा गेला. युरोपात याच दोन तंत्रांवरून २०१९ मध्ये मोठा वाद झाला आणि नियम फेटाळला गेला. जपानने तर वेगळाच पट्टा घेतला. म्हणून आपण आधी देशभरासाठी एक पट्टा आणि यंत्रांनी बोलायची एक भाषा ठरवावी. प्रत्येक महामार्गाच्या निविदेत वेगळ्या कंपनीचा वेगळा डबा घेऊ नये. रेडिओ दहा वर्षांत म्हातारा होतो. खांब, वीज, जमिनीखालची नळी आणि तिच्यातलं फायबर तीस वर्षं टिकतं. आज पैसा टिकणाऱ्या गोष्टींत घाला, डबा सर्वांत शेवटी विकत घ्या.

एक पट्टा, एक भाषा हे आपल्याला जमतं, याचा पुरावा आपल्या काचेवरच चिकटलेला आहे. फास्टॅगचा प्रयोग २०१४ मध्ये अहमदाबाद-मुंबई मार्गावर झाला आणि फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा झाला. त्यात बॅटरी नाही, किंमत थोडी, आणि कोणत्याही बँकेचा टॅग कोणत्याही नाक्यावर चालतो. चांद्याचा ट्रक आणि बांद्याची जीप एकाच नियमाने पुढे जातात. पैसे घेण्यासाठी जे शहाणपण आपण दाखवलं, ते जीव वाचवण्यासाठीही दाखवता येईल.

अमेरिकेचीच एक चांगली गोष्टही सांगतो. वायोमिंग राज्यातल्या ८० क्रमांकाच्या महामार्गावर, सुमारे ४०० मैलांच्या टप्प्यात, हिमवादळांत ट्रक उलटतात आणि मागचे त्यांच्यावर आदळतात. वाहन संपर्काच्या पथदर्शी प्रकल्पासाठी जी तीन ठिकाणं निवडली त्यांत न्यूयॉर्क आणि टँपा या शहरांबरोबर हा ओसाड रस्ताही होता. तिथे रस्त्याच्या कडेला ७५ यंत्रं बसवली आणि मुख्य विचार ट्रकवाल्यांचा केला. आपल्याकडे या विषयाचं चित्र काढलं की त्यात चकचकीत मोटार आणि रिकामा आठपदरी रस्ता असतो. आपला वायोमिंग म्हणजे आपले घाट.

पण ट्रकवाला या यंत्रणेकडे आज कोणत्या नजरेने बघतो? त्याच्या लेखी गॅन्ट्री म्हणजे चलान. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानाच्या विरोधात बंद पुकारला होता. वेगमर्यादा मोडणाऱ्याला दंड व्हावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा, मग ब्रेक तापून पुढच्या चार मोटारींवर जाणारा ड्रायव्हर स्वतःबरोबर दुसऱ्यांचाही जीव घेतो. पण जो खांब फक्त दंड करतो आणि संकटात कधीच काही सांगत नाही, त्या खांबाचं कोणी ऐकत नाही. ड्रायव्हर कॅमेऱ्यापुरता वेग कमी करतो आणि पुढे पुन्हा वाढवतो. तोच खांब "पुढे तीन किलोमीटरवर धुकं दाट आहे, दुसऱ्या गियरला उतर" असं वेळेवर आणि खरं सांगू लागला, तर त्याच्याशी नातं बदलेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते, २०१९ मध्ये ते ९२ वर आले, आणि तेव्हा या गॅन्ट्री नव्हत्या. कठडे दुरुस्त झाले, उघडे खांब झाकले, पोलीस आणि रुग्णवाहिका यांची घडी बसवली, महामार्ग पोलीस, रस्ते विकास महामंडळ आणि रस्ता सुरक्षेसाठी झटणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था यांनी चिकाटीने काम केलं. खोपोलीच्या परिसरातले स्वयंसेवक व्हॉट्सॲपवर खबर मिळताच घाटात धावून जातात, हेही त्यातलंच. ही माणसांची साखळी आधीपासून जोडलेलीच आहे. यंत्राने तिच्याशी जोडून घ्यायचं आहे, तिची जागा घ्यायची नाही.

विश्वासाचा आणखी एक पदर आहे. बोलणारा रस्ता ऐकतोही. कुठली गाडी केव्हा कुठे होती, याची नोंद त्याच्याकडे जमा होते. ही भीती काल्पनिक नाही. २०१९ मध्ये केंद्राने वाहन नोंदणी आणि लायसन्सची माहिती कंपन्यांना विकण्याचं धोरण आणलं. ८७ खासगी कंपन्यांना ती पाहू दिली गेली आणि सुमारे ६५ कोटी रुपये मिळाले, असं संसदेत सांगण्यात आलं. पुढच्या वर्षी धोरण मागे घेतलं गेलं. म्हणून खबर देणाऱ्या यंत्रणेत गाडीचा कायमचा नंबर असूच नये, तिची ओळख दर थोड्या वेळाने बदलावी, आणि इशाऱ्यासाठी घेतलेली माहिती चलानासाठी, विम्यासाठी किंवा जाहिरातीसाठी वापरता येणार नाही, हे कायद्यात लिहावं. नाहीतर लोक फोनवरचं लोकेशन बंद करतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

आता त्या काळ्या फलकाकडे परत येतो. तो काळा का होता? वीज नव्हती की देखभालीचा करार संपला होता, मला ठाऊक नाही. पण फलक उभारल्याचं बिल निघतं आणि तो चालवण्याचं कुणाचंच काम नसतं, हे आपण गावोगावच्या बंद सिग्नलांवर पाहतो. म्हणून निविदेची भाषा बदलली पाहिजे. ठेकेदाराला पैसे यंत्रं किती बसवली यावर मिळू नयेत. घटना घडल्यापासून मागच्या गाडीपर्यंत संदेश किती सेकंदांत गेला, वर्षातले किती तास यंत्रणा जिवंत होती, चुकीचे इशारे किती दिले, यावर मिळावेत, आणि हे आकडे दर महिन्याला लोकांसमोर लागावेत. चुकीचे इशारे मोजणं मला विशेष गरजेचं वाटतं. दोनदा उगाच थांबवलेला ड्रायव्हर तिसऱ्यांदा थांबत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८ अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्याने जीव गेला तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. धोक्याची खबर देणं हेही त्या मानकांत धरावं. दंडाची रक्कम एका जिवापुढे क्षुल्लक आहे, तीही वाढवावी.

सुरुवात कुठे करायची, हे मला विचारलं तर मी कसारा घाट म्हणेन. समृद्धीचा बोगदा झाल्यापासून अनेक मोटारी तिकडून जातात. जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यावर राहिल्या त्या एसटी, नाशिकचा भाजीपाला आणि कांदा घेऊन रात्री मुंबईकडे उतरणाऱ्या गाड्या, आणि दुचाक्या, ज्यांना दुसरा रस्ताच नाही. धुकं आहे, दरडी आहेत, उतार आहे. फोनची रेंज वळणावळणाला जाते, तेव्हा पहिला खर्च तिथेच. मग दोन्ही टोकांना चोवीस तास चालणारे, सौर बॅटरीची जोड असलेले फलक. दरडीच्या जागांवर आणि धुक्याच्या वळणांवर संवेदक, म्हणजे सेन्सर. एसटीच्या गाड्यांतलं आधीच बसवलेलं उपकरण नियंत्रण कक्षाला जोडलेलं. त्या कक्षात चोवीस तास जागं असलेलं माणूस, ज्याला इशारा सोडायला वरिष्ठांच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. आणि प्रत्येक संदेश सगळ्या नकाशांना, सगळ्या गाडी कंपन्यांना, रेडिओ केंद्रांना फुकट.

रामनवमीच्या आधी मुंबईहून शिर्डीला चालत निघालेल्या पालख्या याच वाटेने घाट चढतात. बायका, म्हातारी माणसं, खांद्यावर झोपलेली पोरं, पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने रांगेने चाललेली असतात. पुढच्या रामनवमीला घाटमाथ्यावरून उतरायला लागलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या साध्या फोनवर, मराठीत आणि हिंदीत एवढंच ऐकू येऊ दे: "पुढे दोन किलोमीटरवर पालखी आहे. माणसं रस्त्यावर आहेत. गाडी सावकाश घ्या."